चार नंबरच्या प्रेसवरची झेंडूची माळ

१५ सप्टेंबर, सोमवार

नव्या नोकरीत महिना झाला. डायरी पुन्हा सुरू करते, कारण घरी माझं ऐकायला कुणाला वेळ नाही आणि ऑफिसात बोलावं असं कुणी नाही.

चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या सीटखालचे ब्रॅकेट बनतात. खाली शॉपवर पॉवर प्रेस, वर काचेच्या केबिनमध्ये मी आणि सर्व्हर. प्रत्येक प्रेसशेजारी एक छोटा कॉम्प्युटर आहे. किती तुकडे निघाले, मशीन कधी थांबलं, सगळं तो सर्व्हरला कळवतो. सगळे लिनक्सवर चालतात आणि सगळे आता माझ्या ताब्यात आहेत. माझ्याआधी गणराज नावाचा गृहस्थ होता. तो का गेला ते कुणी धड सांगत नाही.

आज शॉप मॅनेजर नानासाहेबांनी मला खाली फिरवलं. प्रेसच्या तोंडाशी दोन बाजूंना दोन पिवळे खांब आहेत आणि त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणारे किरण. नानासाहेबांनी खांबांमध्ये एक लाकडी पट्टी धरली. लाल दिवा पेटला आणि वरून येणारा रॅम, म्हणजे प्रेसचा जड लोखंडी ठोकळा, मध्येच थांबला. सगळे याला नुसतं 'सेन्सर' म्हणतात. मला एकदम बाबा आठवले. भोसरीच्या शॉपमध्ये बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली, तेव्हा हे असतं तर आज ते शर्टाची बटणं स्वतः लावत असते.

माझा धाकटा भाऊ विक्की गेल्या आठवड्यापासून इथंच चार नंबरच्या प्रेसवर आहे. माझ्याच शब्दावर घेतला त्याला. आईचं मन तयार होत नव्हतं. आज घरी येऊन तिला सेन्सरचं सांगितलं, पट्टीसकट. तिनं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "नेहमी थांबतं ना गं?" मी म्हटलं, नेहमी.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

गणराजनं सिस्टिमचा पार उकिरडा करून ठेवलाय.

लिनक्समध्ये एखादा प्रोग्रॅम बसवला की तो त्याला लागणारी बाकीची पॅकेजंही घेऊन येतो, नवरदेवाबरोबर वऱ्हाड यावं तसं. पुढं प्रोग्रॅम काढला तरी वऱ्हाड तिथंच जेवत बसतं. मग सिस्टिमला विचारायचं की यातली कुठली पॅकेजं आता कुणालाच लागत नाहीत, आणि एका कमांडीत सगळ्यांना निरोप द्यायचा. हा निरोप इथं कधी दिलेलाच नाही. उलट काही पॅकेजं त्यानं 'होल्ड'वर टाकलीत, म्हणजे त्यांना कुणी बदलायचं नाही आणि काढायचंही नाही. त्यातलं एक तर त्यानं घरीच बनवलेलं आहे, नाव जीके-हेल्पर. जुन्या मोजणीच्या प्रोग्रॅमबरोबर आलंय. कुणाचा हेल्पर, कशाचा हेल्पर, एका शब्दानं कुठं लिहिलेलं नाही. स्वतःच्या नावाची अक्षरं मात्र हौसेनं घातलीत.

नानासाहेबांना विचारलं. म्हणाले, हट्टी माणूस होता, प्रॉडक्शन अडवायचा. त्याचा नंबर एचआरकडे आहे म्हणे. मी मागितला नाही. दुसऱ्याची अडगळ आवरायची, तर त्यासाठी त्यालाच फोन करणं मला कमीपणाचं वाटतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

दिवाळीचा माल वेळेत जायचा आहे आणि प्रेस सारख्या थांबतात. कुणाची बाही जरा पुढं गेली, कुणाचा हात लवकर आत गेला, की लाल दिवा. मग ऑपरेटर बटण दाबून पुन्हा सुरू करणार. विक्की तर वैतागलाय. म्हणतो, ताई, लय नखरे करतं ते मशीन.

नानासाहेबांनी केबिनमध्ये येऊन चहा मागवला. जुना मोजणीचा प्रोग्रॅम काढून नवा बसवायचं ठरलंय. जॉब नंबर टाकल्याशिवाय नव्या प्रोग्रॅमवर प्रेस सुरूच होणार नाही, त्यामुळे हिशेब चोख राहील. खंडेनवमीला सगळी मशीन बंद असतात, तेव्हा उरका म्हणाले. जाताना दारात थांबून म्हणाले, "आणि गणराजचं जे जे काही असेल ते झाडून काढा, मॅडम. सणाला घर आवरतो तसं."

मी म्हटलं, एक मेल टाकता का तेवढा? ते हसले. घरच्या कामाला कागद कशाला, म्हणाले. मला हा माणूस आवडला. साफसफाईची किंमत कळणारा मॅनेजर मिळणं सोपं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

आज सकाळी शॉप ओळखू येत नव्हतं. सगळ्यांनी मिळून मशीन पुसली, ऑइल पुसलं, फरशी धुतली. आमच्या घरी ही पूजा नसते, पण कंपनीत कंपनीचं. विक्की हौसेनं पुढं होता.

लोक खाली फडकी मारत होते तेव्हा मी वर माझी झाडलोट करत होते. जुना मोजणीचा प्रोग्रॅम काढला, नवा बसवला. मग होल्ड उठवले. सिस्टिमनं लगेच सांगितलं की ही एवढी पॅकेजं आता कुणालाच लागत नाहीत. त्यात जीके-हेल्पर होतंच. काढू का, असं विचारलं. मी वाय दाबलं. मग उतरवून ठेवलेल्या जुन्या फायलीही पुसून टाकल्या. प्रत्येक प्रेसच्या कॉम्प्युटरवर तेच केलं. नवी मोजणी तपासून घेतली, आकडे बरोबर येत होते. इतकं स्वच्छ वाटलं की मी उगाच पडद्याकडे बघत बसले.

पूजेला खाली गेले. सगळ्या मशीनला हळदकुंकू, झेंडूच्या माळा, पुढं नारळ. माझ्या सर्व्हरलाही एक माळ मिळाली. विक्कीनं चार नंबरच्या दोन पिवळ्या खांबांना वरच्या बाजूला आडवी माळ बांधली, दाराला तोरण बांधतात तशी. शेजारच्या प्रेसवरची करिष्मा त्याला हसली. म्हणाली, मागच्या वर्षी मीपण तिथंच बांधली होती, सेन्सरसमोर माळ आली तर मशीन सुरूच होत नाही, परवा तुलाच काढावी लागणार. विक्की म्हणाला, परवाचं परवा बघू. पूजा झाल्यावर मशीनला हात लावत नाहीत. सगळे पेढे घेऊन घरी गेले.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी. सकाळी सगळे पांढरे कपडे घालून विहारात गेलो. बाबा वंदनेला हात जोडतात तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं डाव्याच्या बोटांपर्यंत पोचत नाहीत. लहानपणापासून बघते, आज उगाच लक्ष गेलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

जीव मुठीत धरून लवकर गेले होते. काही म्हणजे काही झालं नाही. जॉब नंबर टाकले, प्रेस सुरू झाल्या आणि दिवसभर चालत राहिल्या. थांबल्याची नोंद जवळजवळ नाहीच. जुन्या प्रोग्रॅममध्येच खोट होती तर. नानासाहेब खालूनच वर बघून मान डोलावून गेले.

७ ऑक्टोबर, मंगळवार

माझं कौतुक चाललंय आणि मला ते आवडतंय, खोटं कशाला लिहू. मोठ्या साहेबांच्या मीटिंगमध्ये नानासाहेब म्हणाले, गणराजला जे वर्षभर जमलं नाही ते मॅडमनी एका दिवसात केलं. बाहेर आल्यावर आवाज जरा खाली आणून म्हणाले की याबद्दल बाहेर फार बोलू नका, ऑडिटवाले येत-जात असतात. नव्या प्रोग्रॅमच्या लायसन्सचं काहीतरी असावं. मी मान हलवली.

दुपारी काचेतून खाली बघितलं. बाकीच्या मशीनच्या माळा उतरल्यात, चार नंबरची अजून आहे. खांबांमध्ये लोंबतेय, झेंडू तपकिरी पडलाय. प्रेसच्या प्रत्येक ठोक्याला हलते. विक्कीचा आळस, दुसरं काय. पण दिसायला बरी दिसते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज जेवताना विक्की फुशारक्या मारत होता. शिफ्टचा सगळ्यात जास्त माल चार नंबरवर निघतो म्हणे. बाबांनी विचारलं, तुकडा आत ठेवायला चिमटा वापरतोस ना? विक्की म्हणाला, चिमट्यात वेळ जातो, हातानं पटापट होतं, आणि आता मशीन अडतच नाही. तायडीनं जादू केलीय.

बाबांचा घास हातातच राहिला. "अडत न्हाई म्हंजी?" एवढंच म्हणाले. विक्की हसला आणि आईकडे भाकरी मागितली. बाबा ताटावरून उठले. वय झालं की माणसाला दुसऱ्याचं काम चांगलं चाललेलं बघवत नाही की काय, कोण जाणे. मला रागच आला जरा.

११ ऑक्टोबर, शनिवार

आई विक्कीचे हातमोजे धूत होती. कंपनीत सगळ्यांना एकाच मापाचे देतात, विक्कीला ते बोटांपुढं मोकळेच राहतात. उजव्या मोज्याचं पहिल्या बोटाचं टोक कात्रीनं कापावं तसं सरळ कापलेलं होतं. विक्की म्हणाला, पत्र्याला लागलं असेल. आई मोजा हातात धरून बराच वेळ नळाशी उभी होती, पाणी वाहून जात होतं. मी म्हटलं, अगं नळ बंद कर. संध्याकाळी नाशिक फाट्यावरून नवे मोजे आणले त्याला, तेही जरा मोठेच मिळाले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आजचं सगळं क्रमानं लिहून ठेवते.

सकाळी चार नंबरच्या कॉम्प्युटरची वायर सैल झाली म्हणून खाली गेले. वायर बसवून उठले तर ती माळ डोळ्यांसमोर होती. वाळून कोळसा झालेली. खांबांच्या मधोमध. आणि तिच्यामागं रॅम खाली येत होता, वर जात होता, खाली येत होता. करिष्मा पूजेच्या दिवशी काय म्हणाली होती ते तेव्हा मला आठवलं.

मी विक्कीला बाजूला केलं. बाकावरचा त्याचा न वापरलेला चिमटा घेतला आणि खांबांमध्ये धरला, डायपासून, म्हणजे खालच्या साच्यापासून, लांब. दिवा पेटला नाही. रॅम खाली आला.

विक्की म्हणाला, "असं काय करतीस ताई? बंदच आहे की ते. तूच केलंस ना?"

सगळ्या शॉपला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. वरून ऑर्डर आली आणि मिनल मॅडमनी सेन्सर बंद केला, असं सगळे धरून चालले होते. करिष्मा म्हणाली, आम्हाला वाटलं दिवाळीपुरतं असेल. माझं कौतुक चाललं होतं ते यासाठी.

एचआरकडून गणराजचा नंबर घेतला. आता तो तळेगावला आहे. मी नाव सांगितलं, काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "खांब नुसते बघतात, मॅडम. थांब म्हणणारा हेल्पर होता." कंपनीनं जुन्या प्रेसला खांब घेतले आणि थांबवायचा महागडा भाग घेतलाच नाही. तो भाग यानं प्रोग्रॅममध्ये बसवला. हेल्पर नसला तर थांब म्हणायला कुणी उरत नाही, दिवाही पेटत नाही, मशीन चालतच राहतं. दिवाळीच्या मालासाठी तो काढायला सांगितला होता, यानं होल्ड लावला. म्हणून त्याची नोकरी गेली. मी विचारलं, मग लिहून का नाही ठेवलंत? म्हणाला, मला त्याच दुपारी गेटबाहेर काढलं. वाटलं होतं की होल्ड बघून पुढचा माणूस फोन तरी करेल.

नानासाहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. ते चकित झाले नाहीत. दिवाळीचा माल जाऊ दे, मग बसवा, म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच काढायला सांगितलंत. ते अगदी शांतपणे म्हणाले, "मी झाडलोट करा म्हटलं. कमांडीवर नाव तुमचं आहे."

तशीच घरी आले. आता विक्कीला उद्या जाऊ नको म्हटलं तर तो विचारतो, मग चार नंबरवर कोण बसणार, करिष्मा?

१४ ऑक्टोबर, मंगळवार

गणराजनं त्याच्या जुन्या लॅपटॉपवरून फाइल पाठवली. मी कुणाला विचारलं नाही. सकाळच्या चहाच्या सुट्टीत सगळ्या प्रेसवर हेल्पर परत बसवला. शिवाय नव्या प्रोग्रॅमच्या पॅकेजमध्ये एक ओळ घातली, की याला हेल्पर लागतो. म्हणजे आता कुणी हेल्पर काढला तर तो प्रोग्रॅमही जाईल आणि प्रेस सुरूच होणार नाही. हेल्परच्या माहितीत मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं, हा काढला तर माणसाचा हात जाईल.

चहा संपला. चार नंबर सुरू होईना. लाल दिवा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. विक्कीनं माझ्याकडे न बघता ती माळ ओरबाडून काढली आणि कचऱ्यात टाकली.

मग मी वर जाऊन पडद्यासमोर बसले. मला वाटलं होतं आता शांत वाटेल. पण चार नंबरचा दिवा पेटला. परत पेटला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पेटतच राहिला. बाकी मशीनचा कधीमधी, त्याचा सारखा. विक्कीच्या हाताला आता सवय लागलीय, रॅम खाली यायच्या आत तो आत जाऊन बाहेर येतो, किंवा येतो असं त्याला वाटतं. प्रत्येक लाल दिवा म्हणजे खाली येणारा रॅम आणि आत माझ्या भावाचा हात. इतके दिवस हे असंच चाललं होतं, फक्त दिवा नव्हता. 

घरी विक्की माझ्याशी बोलला नाही. त्याचा माल आज सगळ्यात कमी भरला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

अपेक्षेप्रमाणे बोलावणं आलं. परवानगीशिवाय प्रॉडक्शन सिस्टिममध्ये बदल केला म्हणून माझं लॉगिन बंद. दिवाळीनंतर यायचं की नाही ते कळवतील. उद्यापासून बाहेरच्या एजन्सीचा माणूस सर्व्हर बघणार आहे. हुशार आहे म्हणे, पडलेल्या सिस्टिम आवरून देतो.

मी नानासाहेबांना म्हटलं, त्याला माझा नंबर द्या, त्यानं काहीही करायच्या आधी मला एक फोन करावा. नानासाहेब म्हणाले, "एचआरकडे आहे की. लागला तर घेईल."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

गणराज आणि मी मिळून तक्रार लिहिली. लिहून होईपर्यंत कारखान्यांचं सरकारी ऑफिस बंद झालं होतं, आता ते दिवाळीनंतर उघडेल तेव्हा दोघं जाणार. तोपर्यंत मी फोन उशाशी, ओट्यावर, बाथरूमबाहेर, जाईन तिथं घेऊन फिरतेय. एजन्सीवाल्याचा फोन आला नाही.

विक्कीला हात जोडून सांगितलं, जाऊ नको. त्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणतो, तू घरी बसलीस, आता मीपण बसू? आणि सेन्सर तर तूच चालू केलास ना, मग कसली भीती?  जाताना एवढंच म्हटलं, दिवा पेटला नाही तर तसाच घरी ये.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

फोन आज पण आला नाही.

विक्की पहिली शिफ्ट करून आला तो खुशीत. किती दिवसांनी माझ्याशी नीट बोलला. कंपनीनं सगळ्यांना मिठाई दिली, तो डबा माझ्याच हातात ठेवला. म्हणाला, "नवा माणूस बेस आहे, ताई. त्यानं तो प्रोग्रॅमच काढून प्रेस थेट सुरू करून दिल्या, जॉब नंबरपण टाकावा लागत नाही. मशीन आज एकदापण थांबलं नाही बघ."

मी त्याचे हात बघितले. दोन्ही, सगळी बोटं. तो हसून म्हणाला, काय झालं? दिवा नाही पेटला तर घरी ये म्हटलं होतं ना, असं मी विचारलं. तो म्हणाला, अगं, दिवा पेटला नाही म्हणजे चांगलंच की. उद्या रविवार असूनही ओव्हरटाइमला बोलावलंय, सकाळीच जाणार आहे.

आईनं त्याच्या पिशवीतून मोजे काढले. मी आठवड्यापूर्वी घेतलेले, नवेकोरे. उजव्याच्या दोन बोटांची टोकं नव्हती. आईनं तो मोजा बाबांसमोर धरला.

बाबांनी तो घेतला, उलटसुलट करून बघितला आणि हळूहळू आपल्या उजव्या हातात चढवला. त्यांना बरोबर बसला.